सायकलीचा क्रँक : साधा की भारी?



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. बराच वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, "गुर्जी, एक विचारू का? सायकलीला क्रँक साधा टाकावा का भारीचा?"

मी त्याला खाली बसवले आणि सगळी हकीकत विचारली. त्याची थोरली बहीण नववीत आहे. वस्तीपासून तिचे हायस्कूल ४ किलोमीटरवर. आई-वडील दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. घरी आजोबा आणि ही दोघे भावंडे. बहिणीला रोज ८ किलोमीटर चालावे लागते. संध्याकाळी घरी येईपर्यंत दिवस मावळतो. मग स्वयंपाक, मग अभ्यास. अशाने तिची शाळा सुटेल, ही आजोबांना काळजी.

आजोबांची २८ इंची काळी सायकल गोठ्यात धूळ खात उभी होती. एका पाहुण्याने आपली मोडकी सायकल देऊन टाकली. दोन्हींचे चांगले चांगले भाग काढून एक सायकल उभी करायची असे ठरले. सांगाडा आजोबांच्या सायकलीचा, चाके पाहुण्याच्या सायकलीची. हँडल, सीट, कॅरिअर सगळे जमले. गाडी अडली ती क्रँकपाशी. दोन्ही सायकलींचे क्रँक कामातून गेलेले!

वडवणीच्या बाजारात सायकल मिस्त्रींनी तीन वस्तू पुढे ठेवल्या. एक, भंगारातून काढलेला जुना क्रँक, अगदी स्वस्त. दुसरा, नवा पण साधा पोलादी क्रँक. तिसरा, चकचकीत ॲल्युमिनियमचा, हाताला हलका आणि किमतीला भारी. आईने जाताना ठेवलेल्या पैशांत सायकलही व्हायची होती आणि किराणाही भागायचा होता. आता सांगा, कोणता घ्यावा?

प्रश्न एका सायकलीचा असला तरी उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचे आहे. म्हणून ते या भित्तिपत्रकात लिहीत आहे.

क्रँक म्हणजे काय?

पायडल ज्या दांड्याला बसवलेले असते तो दांडा म्हणजे क्रँक. सायकलीला असे दोन दांडे असतात, उजवा आणि डावा. उजव्या दांड्याला मोठे दातेरी चक्र जोडलेले असते. दोन्ही दांडे सांगाड्याच्या खालच्या आडव्या नळीतून गेलेल्या एका एक्सलवर बसतात. या एक्सलला आपले मिस्त्री 'बीबी एक्सल' म्हणतात. एक्सलच्या दोन्ही टोकांना वाट्या आणि वाट्यांत छर्रे असतात. छर्ऱ्यांमुळे एक्सल सहज फिरतो.

सुरुवातीच्या सायकलींना साखळी नव्हती. १८६० नंतर फ्रान्समध्ये ज्या सायकली निघाल्या, त्यांचे क्रँक थेट पुढच्या चाकालाच लावलेले असत. १८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल काढली. तिच्यात क्रँक मधोमध आला आणि साखळीने मागचे चाक फिरू लागले. आजोबांची काळी सायकल म्हणजे तिचीच नात समजा.

पायाखाली किती जोर असतो?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण तरफ शिकतो. क्रँक ही तरफच आहे. फरक एवढाच की ती गोल फिरते.

आता एक हिशेब करू. क्रँकची लांबी एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या मध्यापर्यंत साधारण १७ सेंटीमीटर असते. एक्सलची जाडी सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे त्याची त्रिज्या ८ मिलिमीटर. समजा ४० किलो वजनाची मुलगी चढावर सीटवरून उठून एका पायडलवर पूर्ण भार देऊन उभी राहिली. १७ सेंटीमीटर म्हणजे १७० मिलिमीटर. १७० ला ८ ने भागा. उत्तर २१ च्या पुढे येते. म्हणजे क्रँक जिथे एक्सलला धरतो, तिथे तिच्या वजनाच्या २१ पट जोर पडतो. ४० गुणिले २१ बरोबर ८४० किलो! हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज बरोबर आहे. ज्वारीची १०० किलोची ८ पोती एकावर एक रचावीत, तेवढा भार त्या बोटभर जागेवर येतो.

हा भार पेलते कोण? साध्या सायकलीत एक लहानशी पोलादी खुंटी. तिचे नाव कॉटरपिन.

आणखी एक गंमत पाहा. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकमधून सरळ चक्रावर जातो. पण डाव्या पायाचा जोर आधी डाव्या कॉटरपिनेतून एक्सलमध्ये जातो, एक्सलमधून उजव्या कॉटरपिनेत आणि मग चक्रावर. म्हणजे दोन्ही पिना धड असल्या तरच डावा पाय कामाचा.

कॉटरपिनेची करामत

कॉटरपिन गोल असते, पण तिची एक बाजू उतरती सपाट असते, पाचरीसारखी. कुऱ्हाडीचा दांडा हलू लागला की आपण पाचर ठोकतो ना? तीच युक्ती. पिन क्रँकच्या भोकातून जाते आणि तिची सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर घट्ट बसते. पिन ठोकली की क्रँक आणि एक्सल एकजीव होतात.

पुष्कळांना वाटते की नट आवळला की पिन घट्ट होते. तसे नाही. पिन घट्ट होते ती ठोकण्याने. नट फक्त तिला मागे सरकू देत नाही. नुसता नट आवळत राहिले तर पिनेचे आटे जातात.

पिन ढिली झाली की काय होते? पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक' असा आवाज येतो. पुष्कळ जण तिकडे कानाडोळा करतात. मग पिन झिजते, मागोमाग एक्सलची खाच झिजते, आणि शेवटी क्रँकचे गोल भोक लांबट होते. भोक लांबट झाले की कितीही नव्या पिना ठोका, क्रँक हलणारच. आजोबांच्या सायकलीचे हेच झाले होते. एका पिनेकडे वेळेवर लक्ष दिले असते तर सगळा संच वाचला असता.

महाग क्रँकमध्ये जास्त काय मिळते?

भारीचा क्रँक म्हणजे नुसती फसवणूक, असे मात्र समजू नका. त्यात खरोखर काही गुण आहेत.

पहिला गुण, वजन. एकाच आकाराचे दोन ठोकळे घेतले तर ॲल्युमिनियमचा ठोकळा पोलादाच्या साधारण एकतृतीयांश भरतो. म्हणून ॲल्युमिनियमचा दांडा थोडा जाड केला तरी एकंदरीत हलकाच राहतो.

दुसरा गुण, त्याला कॉटरपिन नसते. एक्सलचे टोक चौकोनी आणि निमुळते असते. क्रँकला तसेच चौकोनी भोक असते आणि मधून एक बोल्ट आवळतात. ठोकाठोक नको, कानशीने घासणे नको. त्याहून भारी क्रँकमध्ये एक्सल जाड आणि आतून पोकळ असतो, त्यामुळे तो कमी पिळवटतो.

तिसरा गुण, चक्र वेगळे निघते. साध्या क्रँकमध्ये चक्र उजव्या दांड्यालाच पक्के केलेले असते. दाते झिजले की उजवा क्रँक सगळाच बदलावा लागतो. भारी क्रँकमध्ये चक्र स्क्रूने बसवलेले असल्याने तेवढेच बदलता येते.

हे गुण शर्यतीत फार मोलाचे. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत पूर्ण केली. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत कापले. अशा ठिकाणी थोडे वजन वाचले तरी त्याचा उपयोग होतो. मागे मदतीची गाडी असते, तिच्यात हत्यारे आणि सुटे भाग असतात.

आपल्या मागे मदतीची गाडी नाही. आपल्या मागे आहे धूळ, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल!

आता वजनाचा हिशेब आपल्या सायकलीला लावून पाहू. काळी सायकल २० किलोच्या आसपास भरते. त्यावर ४० किलोची मुलगी आणि ४ किलोचे दप्तर. एकूण ६४ किलो. क्रँक बदलून फार तर अर्धा-पाऊण किलो वाचेल. एवढे वजन तर दप्तरातली नको ती वह्या-पुस्तके घरी ठेवली तरी वाचते, आणि तेही फुकट! शर्यतीच्या सर्वांत महाग क्रँकच्या किमतीत तर आपल्यासारख्या कितीतरी साध्या सायकली येतील.

महाग म्हणजे न मोडणारा का?

नाही. हे नीट समजून घ्या.

एक तार घ्या आणि तिला पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवा. काही वेळाने ती तुटते. ओढून तुटत नव्हती ती तार नुसत्या वाकवण्याने का तुटली? धातू थकला! शास्त्रज्ञ याला 'धातूची थकावट' असेच म्हणतात. पोलादाचा एक चांगला गुण असा की भार एका मर्यादेच्या खाली असेल तर तो जवळजवळ थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नसते. दर फेऱ्याला ते थोडे थोडे थकत जाते. चांगले कारखाने दांडा जाड करून आणि त्याचा आकार विचारपूर्वक घडवून त्याचे आयुष्य वाढवतात. पण नाव नसलेला, नुसता चकचकीत, स्वस्तातला ॲल्युमिनियमचा क्रँक मिळाला तर तो साध्या पोलादी क्रँकपेक्षा धोक्याचा ठरू शकतो. पोलाद बहुतेक वेळा आधी वाकते आणि आपल्याला सावध करते. ॲल्युमिनियमला बारीक चीर जाते, ती धुळीखाली दिसत नाही, आणि एक दिवस दांडा कडकन मोडतो. पायडलवर उभे असताना असे झाले तर तोंडावर पडायची वेळ.

नामांकित मालालाही हा नियम चुकत नाही. जपानची शिमानो ही कंपनी १९२१ पासून चालत आलेली, जगभर नावाजलेली. तिच्या शर्यतीच्या काही भारी क्रँकमध्ये दोन भाग एकमेकांना चिकटवून पोकळ दांडा केलेला होता. २०१२ ते २०१९ या काळात बनलेल्या अशा काही क्रँकचे चिकटवलेले भाग सुटत असल्याचे आढळले. म्हणून २०२३ मध्ये कंपनीने ते तपासून सदोष निघतील ते फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ लाख ८० हजार क्रँक होते. यातून धडा काय? किंमत कितीही असो, तपासणीला सुट्टी नाही.

मग स्वस्तच घ्यावे का?

तसेही नाही. "स्वस्तात मस्त" म्हणून भंगारातला क्रँक घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे.

आपल्या मुलाने दुकानात तो जुना क्रँक हातात घेऊन पाहिला. मी त्याला काय पाहायचे ते सांगून ठेवले होते. चक्राचे दाते माशाच्या कल्ल्यासारखे एका बाजूला झुकलेले होते. असे दाते नव्या साखळीलाही लवकर खातात. कॉटरपिनेचे भोक गोल राहिलेले नव्हते. पायडलचे आटे अर्धे गेलेले होते. तीन दोष! स्वस्त असून तो महागातच पडला असता.

आता बहीण वर्षात किती वेळा पायडल फिरवणार, तेही मोजू. आजोबांच्या सायकलीच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. ४४ भागिले १८ बरोबर साधारण २.४४. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २ मीटर २३ सेंटीमीटर. म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर ४४ सेंटीमीटर पुढे जाते. रोजचे ८,००० मीटर भागिले ५.४४ बरोबर जवळजवळ १,४७०. वर्षात २२० दिवस शाळा धरली तर फेरे होतात ३ लाख २३ हजारांच्या वर! उतारावर पाय थांबतात ते थोडे वजा करा. तरीही दर फेऱ्याला डाव्या पायाचा जोर त्या दोन पिनांवर येणारच. म्हणून या जागी कंजुषी करू नये.

निर्णय कसा घ्यायचा?

मी त्या मुलाला क्रँकचे नाव सांगितले नाही. त्याला पाच प्रश्न लिहून दिले आणि म्हणालो, "उत्तरे तू आणि आजोबा मिळून शोधा."

१. सायकल कशासाठी? शर्यतीसाठी, ओझे वाहण्यासाठी, की रोज शाळेत जाण्यासाठी?

२. आपल्या सांगाड्याच्या नळीत तो बसेल का? वाट्यांचे आटे आणि एक्सलचे माप जुळते का? भारी क्रँकला त्याचा स्वतःचा एक्सल लागतो. त्याची किंमत वेगळी.

३. बिघडला तर जवळ कोण दुरुस्त करील? चौकोनी भोकाचा क्रँक काढायला खास ओढणी लागते. ती आपल्या मिस्त्रींकडे आहे का? कॉटरपिन तर बहुतेक दुकानांत मिळते.

४. एकटा क्रँक घेऊन भागेल का? एक्सल, छर्रे आणि साखळी यांचे काय?

५. उरलेल्या पैशांतून आणखी कोणते गरजेचे काम होईल?

दुसऱ्या दिवशी पोरगा हसतच आला. पाचव्या प्रश्नाने त्यांचा निकाल लागला होता. ब्रेकची रबरे पार गुळगुळीत झाली होती, हे आजोबांच्या ध्यानात आले. भारीचा क्रँक घेतला असता तर ब्रेकला पैसे उरले नसते. आजोबा म्हणाले, "आपल्याला शाळंत जायचंय, शर्यतीला न्हाई. पण थांबता आलं पाहिजे!"

त्यांनी नवा साधा पोलादी क्रँक घेतला. बरोबर नवा एक्सल, नवे छर्रे आणि दोन चांगल्या कॉटरपिना घेतल्या. पिना मिस्त्रींकडे दोन प्रकारच्या होत्या. एक मऊ लोखंडाची, एक कडक पोलादाची. दोन्हींच्या किमतीत फरक अगदी थोडा. तिथे मात्र त्यांनी भारीचीच घेतली. उरलेल्या पैशांत ब्रेकची रबरे आली.

पाहिलेत? प्रश्न "साधा की भारी" एवढाच नव्हता. कुठे साधे चालते आणि कुठे भारीच लागते, हे ओळखणे महत्त्वाचे.

दुसऱ्या कुणाचे उत्तर वेगळे येईल. ज्याची गिअरची सायकल आहे, ज्याला दूरवर जायचे आहे आणि ज्याच्या मिस्त्रींकडे ओढणी आहे, त्याने चौकोनी एक्सलचा चांगल्या कारखान्याचा क्रँक जरूर घ्यावा. कॉटरपिनेची कटकट कायमची जाते. लहान मुलांच्या पुष्कळ सायकलींना एकाच सळईतून वाकवून केलेला अखंड क्रँक असतो. त्याला पिनही नाही आणि बोल्टही नाही. तो फार टिकाऊ. पण त्याचे पायडलचे आटे गेले तर तो अख्खाच बदलावा लागतो.

बसवताना घ्यायची काळजी

सायकल शाळेच्या आवारातच जोडली. मिस्त्री स्वतः आले होते. त्यांनी मुलांना सांगितलेल्या गोष्टी अशा :

वाट्यांत ग्रीस भरून छर्रे मोजून बसवावेत. दोन्ही बाजूंना सारखे छर्रे हवेत. वाटी फार आवळली तर एक्सल जड फिरतो, ढिली ठेवली तर डुलतो.

एका क्रँकची पिन वरून खाली घातली तर दुसऱ्याची खालून वर घालावी. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर पायडले एका रेषेत येत नाहीत. सायकल लंगडी चालते.

पिन ठोकताना क्रँकखाली नळीचा किंवा लाकडाचा भक्कम टेका द्यावा. टेका नसला तर हातोडीचा मार छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो आणि त्यांना खड्डे पडतात.

उजवे पायडल नेहमीच्या नटासारखे आवळते. डावे पायडल उलट दिशेने आवळते. त्याचे आटेच उलटे असतात. ते सरळ असते तर चालता चालता पायडल सुटून पडले असते. १९०३ मध्ये पहिले विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकल दुकानदार. त्यांनीही आपल्या सायकलींच्या डाव्या पायडलाला असेच उलटे आटे ठेवले होते. ही गोष्ट माहीत नसल्याने जोर लावून आटे घालवणारी मोठी माणसेही मी पाहिली आहेत!

नवी पिन पहिल्या आठवड्यात आपली जागा करते. म्हणून आठवड्याने ती पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा. पुष्कळ सायकली या एका आळसानेच बिघडतात.

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी ती मुलगी सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेली. पिन खरोखरच थोडी आत सरकली. आता 'टक' नाही आणि 'खट' नाही. दिवस मावळायच्या आत ती घरी पोचते आणि दिवाबत्तीच्या वेळेला पुस्तक घेऊन बसते.

करून पाहा

१. घरच्या सायकलीचे मोठे चक्र आणि फ्रीव्हील यांचे दाते मोजा. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल, ते गणित करून काढा. मग अंगणात रेघ मारून, पायडल एक फेरा फिरवून प्रत्यक्ष मोजा. दोन्ही उत्तरे ताडून पाहा.

२. सायकल स्टँडवर लावा. दोन्ही क्रँक आडवे करा. एक पायडल हाताने घट्ट धरा आणि दुसरे खाली दाबा. मध्ये जराही ढिलाई जाणवली तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा.

३. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने क्रँक पुसा. पायडलच्या भोकाभोवती बारीक चीर दिसते का, ते उजेडात पाहा.

जूनमध्ये हायस्कूलला जाणाऱ्या मुलींनी हे जरूर करून पाहावे. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी मदत मिळते. सायकल मिळणे हे अर्धे काम. ती चालती ठेवणे हे दुसरे अर्धे, आणि ते आपल्याच हातात आहे.

लक्षात ठेवा : क्रँक साधा असला तरी चालेल, पण पिन ढिली चालणार नाही.